बोअरचं शुल्क

आमच्या आळीतल्या बोअरची मोटर जळली. पोरांनी दुरुस्तीसाठी छापील पावत्या आणल्या: 'बोअर देखभाल शुल्क, प्रति कुटुंब'. झालं! शुल्क म्हटल्याबरोबर घराघरांत एकेक ग्राहक जागा झाला. "आमच्या घरी दोन माणसं, त्यांच्याकडे सात, मग रेट सारखा काऊन जी?" "आमी महिनाभर नागपूरले होतो, तेवढे कापा ना भाऊ." हीच माणसं गणपतीत वर्गणी मागायला आलेल्या पोरांना बसवून चहा पाजतात.

नुसत्या नावाने माणूस असा बदलतो, यावर लिबरमन, सॅम्युअल्स आणि रॉस या संशोधकांचा 2004 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. डाव तोच, पैसे तेच. काहींना सांगितलं, हा 'वॉल स्ट्रीट'चा खेळ. काहींना, हा 'समाजा'चा खेळ. पहिल्या नावाखाली साधारण एक तृतीयांश लोकांनी सहकार्य केलं, दुसऱ्या नावाखाली दोन तृतीयांश. कोण उदार, कोण चेंगट हे ओळखीच्यांनी आधी वर्तवलं होतं. ते भाकीत काही कामाला आलं नाही. केनियातल्या ओर्मा लोकांपुढे असाच सामायिक पैशांचा डाव मांडला, तर ते म्हणाले, ही तर आपली हरांबे, म्हणजे गावकामाची वर्गणी. आणि त्यांनी सढळ हाताने पैसे टाकले.

यावर आमच्याकडे कोणीतरी मेंढा-लेखा गावाचं नाव काढणारच. पण मेंढ्याला 2009 साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 साली बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. तिथे नुसती पाटी बदलली नव्हती. आमच्या बोअरला तो मान देऊ नये.

पोरं हुशार. पावत्या गुंडाळल्या आणि गणपतीचं वर्गणीपुस्तक काढलं. पैसे बरेचसे आले. पण वर्गणी म्हटली की भोंगा आलाच. देणाऱ्यांची नावं रकमेसकट पुकारायची ठरली. आधी कोणाचं, यावरून दोन भावांत अबोला. एका गृहस्थांनी गुप्तदान दिलं आणि ते कोणी दिलं हे तेवढं सांगा, असा माइकवाल्याला निरोप धाडला. एकाचे एक्कावन्न पाचशे एक म्हणून वाचले गेले. तो दुरुस्ती करू देईना, उरलेले मागितले तर देईना.

माझी रक्कम बरोबर वाचली. फक्त नावाऐवजी 'ते पेपरात लिहिणारे' असं म्हटलं. मंडळाच्या अध्यक्षांना मी हे लेखी कळवलं आहे.