प्रोजेक्ट नेमका कुणाचा?

धाकट्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन लागलं की घरात फर्मान निघतं, "तू सायन्सला आहेस ना? दे की करून!" मग आपण रात्र जागून थर्माकोलचा ज्वालामुखी उभा करतो. मेहनत आपली, बक्षीस त्याचं. शिकलं कोण?

माझं म्हणणं, प्रोजेक्ट त्याच्याच प्रश्नातून निघावा. अंबाबाईचा किरणोत्सव त्याला ठाऊक असतो. मावळतीची किरणं नोव्हेंबरात देवीपर्यंत पोचतात, पुन्हा जानेवारीअखेर. मध्ये का नाही? एक खडू पुरे. जानेवारीअखेरपासून दर रविवारी पाच वाजता, पश्चिमेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाची कड भिंतीवर आखायची, तारीख लिहायची. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनापर्यंत खुणा सरकलेल्या दिसतात. सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही, हे त्याला स्वतःला सापडतं. डिसेंबरात तो दक्षिणेच्या टोकाला जाऊन परत फिरतो, म्हणून किरणं दोनदा येतात, एवढंच आपण सांगायचं.

एखादा रविवार ढगात गेला, तर तसंच लिहू दे. रेघ वाकडी आली तरी खोडू नका. बक्षीस हुकेल कदाचित. पण परीक्षकांनी प्रश्न विचारला, की तो तुमच्या तोंडाकडे बघणार नाही.