शिष्यवृत्ती न मिळालेल्या माणसाचं घर

शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्यापुढे धनादेशच येतो. अर्ज करायचा, दाखले जोडायचे आणि नशीब असेल तर ठरावीक रक्कम हाती पडायची. कलेचा इतिहास अभ्यासणाऱ्यांसाठी मात्र जगात आणखी एक प्रकार रूढ आहे. त्यात पैसे मिळतातच, पण खरी देणगी असते ती जागेची आणि वेळेची. वर्षभर येऊन राहा, ग्रंथालय वापरा, दुपारी सगळ्यांबरोबर जेवायला या, बाकी तुमचं काम तुम्ही करा.

या विषयाला अशी सोय लागतेच. संगणकाच्या पडद्यावर आज कुठलंही चित्र दिसतं, पण त्याचा खरा आकार, रंगाचा थर, फळीची मागची बाजू तिथे दिसत नाही. भिंतीवरची चित्रं तर जागेवरून हलतच नाहीत. अजिंठ्यावर लिहायचं तर लेण्यांत पुन्हा पुन्हा जावं लागतं. इटलीतल्या चर्चमधल्या चित्रांचंही तसंच.

त्या इटलीत, फ्लॉरेन्सजवळच्या टेकडीवर 'व्हिला ई तात्ती' नावाचं घर आहे. अशा निवासी अभ्यासवृत्तीचं ते जगातलं एक नावाजलेलं ठिकाण. ते घर बर्नार्ड बेरेन्सन यांचं. 1865 साली लिथुआनियातल्या एका गरीब ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते दहा वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत बोस्टनला आलं. वडील फेरीवाले, भांडीकुंडी विकत हिंडायचे. मुलगा हुशार, हार्वर्ड विद्यापीठात पोहोचला. 1887 मध्ये पदवी घेताना त्यानं परदेश प्रवासाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. तेव्हा काही हितचिंतकांनी वर्गणी काढून त्याला युरोपला पाठवलं. त्यांत होत्या बोस्टनच्या धनाढ्य इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर. पुढे बेरेन्सन यांच्याच सल्ल्यानं त्यांनी तित्सियानोचं 'युरोपा' विकत घेतलं. आज ते बोस्टनमध्ये त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहे.

इटालियन चित्रांचे जाणकार म्हणून बेरेन्सन यांचा दबदबा एवढा वाढला की 'हे चित्र अमक्याचं' असं त्यांनी लिहून दिलं की त्याची किंमत चढायची. गोष्ट इथेच नाजूक होते. चित्रांचे बडे व्यापारी जोसेफ डुव्हीन यांच्याशी 1912 पासून त्यांचा गुप्त करार होता. विक्रीच्या नफ्यात त्यांचा वाटा असे. पारख करणाऱ्यालाच विक्रीतून पैसा मिळत असेल तर त्याच्या शब्दावर विश्वास किती ठेवायचा, हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते तो मिटवण्याची घाईही करू नये. हे देखणं घर, ती बाग, ते ग्रंथालय यांतला बराचसा पैसा त्याच धंद्यातला होता. डुव्हीन यांच्याशी संबंध 1937 मध्ये तुटले. जाणकारीच्या वाटेला लागून आपण मूळ वाट चुकलो, ही खंत बेरेन्सन यांनी 1949 च्या आपल्या आत्मकथनात मांडली आहे.

त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. घर, चित्रं, हजारो पुस्तकं आणि छायाचित्रं, सगळं त्यांनी हार्वर्डला देऊ केलं. म्हणजे एकदा अर्ज नाकारणाऱ्या विद्यापीठालाच! हार्वर्ड आधी कचरलं. एवढ्या पसाऱ्याचा खर्च कोण करणार? पण बेरेन्सन यांचा आग्रह होता. उमेदीतल्या अभ्यासकांना तिथे निवांत वर्ष मिळावं, कसली घाई नसावी. 1959 मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. 1961 मध्ये पहिले अभ्यासक आले. आता दरवर्षी पंधराएक जण वर्षभरासाठी येतात, शिवाय काही थोड्या महिन्यांसाठी. दुपारचं एकत्र जेवण आजही चालू आहे.

या जेवणाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. बेरेन्सन यांना निवांतपणा मिळाला तो दोन बायकांच्या जिवावर. पत्नी मेरी, जिनं सुरुवातीच्या पुस्तकांत त्यांच्या बरोबरीनं काम केलं, आणि निकी मारियानो, जी 1919 मध्ये ग्रंथपाल म्हणून आली आणि अखेरपर्यंत, चाळीस वर्षं, ते घर सांभाळत राहिली. आज त्या टेबलाशी स्त्री अभ्यासकही बसतात. आपल्या घरातली जी बाई पीएच.डी.चं प्रकरण कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये लिहिते, तिला विचारा. 'आज स्वयंपाक काय' हा प्रश्न वर्षभर न पडणं ही चीज काय आहे, ते ती सांगेल. अर्थात लहान मूल घरी ठेवून जायचं की बरोबर न्यायचं, नवऱ्यानं नोकरीतून रजा काढायची की नाही, हे प्रश्न कुठलीच फेलोशिप पूर्ण सोडवत नाही.

आपल्याकडे असं ठिकाण नाही असं नाही. शिमल्यात 1888 साली पूर्ण झालेल्या व्हाइसरॉयच्या प्रासादात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी आहे. डॉ. राधाकृष्णन यांनी 1965 मध्ये तिचं उद्घाटन केलं. पहिले संचालक नीहाररंजन राय हे स्वतः कलेचे इतिहासकार. तिथे केवळ कला नव्हे, इतरही अनेक विषयांचे संशोधक आवारात राहून काम करतात.

ई तात्तीचं दारही भारतीयांना बंद नाही. राष्ट्रीयत्वाची अट नाही. पीएच.डी. हवी, इटालियन कामापुरतं यायला हवं आणि विषय साधारण चौदाव्या ते सतराव्या शतकातल्या इटलीशी जोडलेला हवा. असा विषय शोधायला लांब जायला नको. जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चमधली सेंट फ्रान्सिस झेव्हियरची संगमरवरी समाधी तस्कनीच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोसिमोनं करवून पाठवली. ती घडवली फ्लॉरेन्सच्या जोव्हानी बात्तिस्ता फोज्जीनीनं आणि 1698 मध्ये ती गोव्यात उभी राहिली. समाधी इथे, शिल्पकाराचं गाव तिथे. गोव्याच्या एखाद्या मुलीनं तिचा माग काढायचं ठरवलं, तर तिला वर्षभर तिकडेच राहावं लागेल.