नाव बदलले, जिल्हा तोच! हे सॉफ्टवेअरला कळणार कसे?

अहमदनगरचे नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा ३१ मे २०२३ रोजी चौंडीत झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघाली. फलक पटकन बदलता येतात, कागदपत्रांचे तसे नसते. आज कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर ‘अहमदनगर’ आहे, तर नव्या उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘अहिल्यानगर’. वाचणाऱ्या माणसाला जिल्हा एकच आहे हे माहीत असते. संगणक मात्र अक्षरे जुळवतो. त्याला वेगळे काही सांगितले नसेल, तर त्याच्या लेखी हे दोन जिल्हे. अर्ज अडकला की हेलपाटे मात्र विद्यार्थिनीला.

हा दोष नामांतराचा नाही. सॉफ्टवेअर बनवताना पहिली पायरी गाळण्याचा आहे.

ही पहिली पायरी कोणती?

तिला संकल्पनात्मक मॉडेल म्हणतात. ज्या कामासाठी सॉफ्टवेअर हवे, त्यात कोणत्या गोष्टी येतात, प्रत्येकीची कोणती माहिती ठेवायची आणि त्यांचा एकमेकींशी संबंध काय, हे कोड लिहिण्याआधी कागदावर मांडायचे. यात स्क्रीन किंवा बटणे नसतात. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये यासाठी मांडलेली पद्धत इंजिनिअरिंगची मुले आजही ‘ईआर डायग्राम’ म्हणून शिकतात. एरिक इव्हान्स यांनी २००३ मधील ‘डोमेन-ड्रिव्हन डिझाइन’ या पुस्तकात त्याला एक आग्रह जोडला. प्रोग्रामर आणि त्या कामातले जाणकार यांची भाषा एकच असावी आणि तीच कोडमध्ये उतरावी.

नाव म्हणजे ओळख नव्हे

कर्जत तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात आहे आणि रायगडमध्येही. म्हणजे एक नाव दोन ठिकाणांचे असू शकते आणि एका ठिकाणाची दोन नावेही. ओळख ठरते ती न बदलणाऱ्या क्रमांकाने. नामांतरानंतरही गाड्यांवर एमएच-१६ राहिले, ते यामुळेच. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त प्रत्येक जिल्हा, तालुका आणि गावाला असा स्वतंत्र कोड आहे. २०२० मध्ये सुधारलेल्या सातबाऱ्यावर गावाच्या नावासोबत तो छापला जाऊ लागला.

मॉडेलमध्ये एवढेच लिहायचे असते: जिल्ह्याला कोड एक, नावे अनेक आणि प्रत्येक नाव कधीपासून कधीपर्यंत लागू होते याची तारीख. मग २०१९ चा दाखलाही बरोबर आणि २०२५ चाही.

उद्याचा प्रश्न याहून अवघड आहे. १४ तालुक्यांच्या या जिल्ह्याचे विभाजन करण्याची मागणी जुनी आहे. नामांतरात जिल्हा तोच राहतो, नाव बदलते. विभाजनात गाव तेच राहते, पण त्याचा जिल्हा बदलतो. हा फरक मॉडेलमध्ये नसेल, तर जुन्या नोंदी नव्या जिल्ह्याच्या नावावर जातील किंवा सापडणारच नाहीत.

सातबाऱ्यातला धडा

आपण ‘सातबारा’ एका दमात म्हणतो, पण ते दोन नमुने आहेत. सातमध्ये जमिनीवरचे हक्क, बारामध्ये पिके. एका गटात भावंडे मिळून पाच खातेदार असू शकतात, एका हंगामात दोन-तीन पिके असू शकतात आणि काही भाग पोटखराबाही असतो. प्रोग्रामरने मालकासाठी एक आणि पिकासाठी एक रकाना ठेवला, तर शेतकऱ्याला काहीतरी चुकीचे भरावेच लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवतो. नुकसानभरपाईच्या वेळी हीच नोंद पाहिली जाते. त्यामुळे एका रकान्याची चूक थेट त्याच्या खिशाला लागू शकते.

वेळ वाया जातो का?

गरजा सतत बदलतात, मग आधी आराखडा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. मोठमोठे दस्तऐवज कोणी वाचत नाही, हेही खरे. पण इथे गरज चार-पाच पानांची आहे. कागदावर रेष खोडायला मिनिट लागते. लाखो नोंदी भरल्यानंतर तोच बदल करायचा, तर जुना डेटा तपासावा आणि हलवावा लागतो. तोवर लोक खिडकीवर ताटकळतात.

म्हणून सरकारी सॉफ्टवेअरच्या निविदेत दोन अटी हव्यात. पहिली, संकल्पनात्मक मॉडेल मराठीत लिहून जाहीर करावे. दुसरी, तलाठी, सेतू केंद्र चालक आणि काही शेतकऱ्यांनी ते तपासल्याशिवाय कोडिंग सुरू करू नये. एका गटाला पाच खातेदार असतात, हे सांगायला कॉम्प्युटरची पदवी लागत नाही. फक्त ते वेळेवर विचारावे लागते.