बर्फाखालचे मैदान आणि वर्गणीचा हिशेब



ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ पडून गोल्फची मैदाने बंद झाली की, खेळता न आलेल्या दिवसांची वर्गणी परत मिळावी, अशी कुरकुर सभासदांमध्ये सुरू होते. वरवर पाहता ही मागणी रास्त वाटते. परंतु क्लबाच्या जमाखर्चाची घडण ध्यानात घेतली, तर ती मान्य करणे म्हणजे सभासदांनी आपल्याच मालकीच्या संस्थेचा पाया उखडण्यासारखे आहे, हे दिसून येते. मात्र वर्गणी राखून ठेवण्याचा हक्क क्लबांना फुकट मिळू नये. त्याबदल्यात काही कर्तव्ये त्यांच्यावर येतात आणि त्यांची चर्चा फारच कमी होते.

या प्रश्नाचा विचार करताना स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजसारख्या समुद्रकाठच्या मैदानांची जगप्रसिद्ध नावे डोळ्यांसमोर ठेवली जातात आणि तेथेच गफलत होते. ‘लिंक्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समुद्रकाठच्या रेताड मैदानांवर पाण्याचा निचरा चटकन होतो, समुद्राच्या सान्निध्यामुळे बर्फ फार काळ टिकत नाही आणि उन्हाळ्यात परदेशी खेळाडूंकडून भरघोस उत्पन्न येते. खरा फटका बसतो तो अंतर्भागातील, चिकणमातीच्या वा डोंगराळ जमिनीवरच्या लहान क्लबांना. स्कॉटलंडमधील ज्या ब्रेमार गावात १८९५ आणि १९८२ मध्ये उणे २७.२ अंश सेल्सिअस इतक्या, म्हणजे ब्रिटनमधील नीचांकी तापमानाची नोंद झाली, त्या गावालाही स्वतःचा गोल्फ क्लब आहे.

असे बहुतेक क्लब ‘सभासदांचे क्लब’ असतात, म्हणजे तेथे नफा वाटून घेणारे भागधारक नसतात आणि शिल्लक उरलीच तर ती मैदानावरच खर्च होते. त्यांचे उत्पन्न प्रामुख्याने वार्षिक वर्गणी, पाहुण्या खेळाडूकडून एका फेरीसाठी घेतली जाणारी ‘ग्रीन फी’ आणि क्लबहाऊसमधील बार, जेवणावळी व समारंभ यांतून येते. हिमवर्षाव झाला की ग्रीन फी त्याच दिवशी थांबते, रस्ते बंद झाल्याने नाताळच्या मेजवान्या रद्द होतात आणि उरते ती केवळ वर्गणी. खर्च मात्र थांबत नाही. मैदानाची निगा राखणाऱ्या ग्रीनकीपरांचे पगार, यंत्रांचे हप्ते, विमा आणि इमारतीतील पाणी गोठू नये म्हणून लागणारे इंधन ही देणी चालूच राहतात. सदनिका वर्षभर कुलूपबंद असली तरी गृहनिर्माण सोसायटीचा देखभाल खर्च चुकत नाही, तसेच वर्गणीचे आहे. ती खेळलेल्या फेऱ्यांची किंमत नसून मैदान जिवंत ठेवण्यातला सभासदाचा वाटा असतो. १९१० पासूनच्या राष्ट्रीय नोंदींतील सर्वांत थंड डिसेंबर ठरलेल्या डिसेंबर २०१० सारख्या महिन्यात वर्गणी परत करण्याची प्रथा असती, तर ज्या महिन्यात बाकीची आवक आटली, त्याच महिन्यात हाती असलेली रक्कमही परत द्यावी लागली असती.

उत्पन्न बुडते म्हणून गोठलेले मैदान खेळासाठी उघडावे, हा दुसरा मोह तर अधिकच महाग पडतो. चेंडू खळग्यात घालण्यासाठी जी हिरवळ अवघ्या काही मिलिमीटर उंचीची राखली जाते, तिला ‘ग्रीन’ म्हणतात. गोठलेल्या पात्यावर बूट पडला की आतील बर्फाच्या कणांमुळे पेशी फाटतात आणि काही दिवसांनी प्रत्येक पावलाचा ठसा तपकिरी होऊन उमटतो. बर्फ वितळू लागल्यावरचा काळ त्याहून नाजूक असतो, कारण वरचा पातळ थर मऊ आणि खालची माती घट्ट गोठलेली असल्याने चालणाऱ्याच्या भाराने वरचा थर सरकतो आणि मुळे तुटतात. त्यातच ‘मायक्रोडोकियम निवाले’ ही बुरशी बर्फाच्या आवरणाखालील दमट काळोखात पसरते व वितळणीनंतर फिकट गुलाबी डाग मागे ठेवते. इप्रोडिओन हे जुने बुरशीनाशक २०१८ पासून युरोपात बंद झाल्याने तिच्या प्रतिबंधाचे पर्यायही आकसले आहेत. परिणामी हिवाळ्यातील नुकसानीच्या दुरुस्तीचा खर्च नेमका वसंतात, म्हणजे पाहुणे परतू लागतात तेव्हा अंगावर येतो. मैदान बंद ठेवणे हा आळस नसून ती काटकसर आहे.

आता क्लबांच्या कर्तव्यांविषयी. पहिले कर्तव्य म्हणजे उन्हाळ्यातील ग्रीन फीचा ठरावीक हिस्सा वेगळ्या राखीव निधीत टाकून त्याचा हिशेब वार्षिक सभेपुढे ठेवणे. ब्रिडपोर्ट अँड वेस्ट डॉर्सेट गोल्फ क्लबाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १९ डिसेंबर २०१३ रोजी निर्णय दिल्यानंतर नफा न कमावणाऱ्या क्लबांच्या ग्रीन फीलाही मूल्यवर्धित करातून सूट मिळाली. या सवलतीचा लाभ चांगल्या वर्षात उधळला जाणे आणि वाईट वर्षात सभासदांपुढे हात पसरणे समर्थनीय नाही.

दुसरे कर्तव्य जमिनीविषयीचे आहे. ‘सामुदायिक हौशी क्रीडा क्लब’ या २००२ पासूनच्या योजनेत नोंदलेल्या क्लबांना स्थानिक मालमत्ता करात ८० टक्के सवलत मिळते आणि क्लब सर्वांना खुला असावा, ही त्यामागील अट आहे. या अटीचा आशय बर्फाच्या दिवसांत प्रत्यक्षात आणता येतो. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराच्या थिओडोर वर्थ उद्यानात उन्हाळी गोल्फ मैदानावर हिवाळ्यात स्कीइंगच्या वाटा आखल्या जातात. महाराष्ट्रातील पर्यटकांच्या परिचयाच्या गुलमर्गमध्येही गोल्फच्या उतारांवर नवशिके स्की शिकतात. ग्रीन दोरीने राखून उरलेले उतार मुलांच्या घसरगाड्यांसाठी आणि पायी फिरणाऱ्यांसाठी मोकळे केले व क्लबहाऊसमध्ये गरम सूप मिळाले, तर चार पैसे येतील. शिवाय ज्यांनी कधी गोल्फची काठी हाती धरली नाही, अशा गावकऱ्यांनाही हा क्लब टिकावा असे वाटू लागेल.

सभासदांनी पूर्ण वर्गणी भरावी आणि क्लबांनी राखीव निधी व खुली जमीन यांची हमी द्यावी, असा लेखी करार नियमावलीतच असला पाहिजे. परताव्याची मागणी करणाऱ्यांनी येत्या वार्षिक सभेत परताव्याऐवजी हा ठराव मांडावा. त्यातच त्यांचे आणि त्यांच्या मैदानाचे हित आहे.

— एक वाचक