पथ्याच्या चिठ्ठीतील ‘बंद’ आणि सणाची पंगत

भाऊबीज आटोपल्यानंतरचे आठ-दहा दिवस आमच्या चिकित्सालयात वर्षातील सर्वांत अधिक गर्दीचे असतात. अम्लपित्त, आध्मान, अजीर्ण, क्वचित छर्दी-अतिसार, आणि प्रमेहाच्या रुग्णांची हमखास वाढलेली साखर, असा तो ठरावीक क्रम आहे. औषधविक्रेते बंधूंना तर हा हंगाम पाठच असतो. हिंग्वष्टक, लवणभास्कर व अविपत्तिकर चूर्णाच्या बाटल्या धनत्रयोदशीलाच दर्शनी फळीवर येतात. यात कोणाचा दोष काढण्याचा हेतू नाही. आमच्याही टेबलावर त्या असतात. परंतु रुग्णाला सणापूर्वी आम्ही जे लिहून देतो आणि सणानंतर जे विकतो, या दोहोंमधील अंतराचा विचार वैद्यवर्गाने एकदा मोकळेपणाने करावा, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

आमच्या पथ्याच्या छापील चिठ्ठीत गेली अनेक वर्षे दोन ओळी होत्या : ‘बेकरीचे पदार्थ बंद. बाहेरचे खाणे बंद.’ बहुतेक वैद्यबंधूंच्या चिठ्ठीत त्या याच किंवा अशाच शब्दांत असतील. या ओळींचा परिणाम काय होतो, हे आम्हांस एका साठी ओलांडलेल्या प्रमेहाच्या रुग्णेने शिकविले. पाडव्याच्या सायंकाळी पुण्याहून आलेला मुलगा सर्व कुटुंबाला घेऊन करंजीच्या दिशेने महामार्गावरील एका ढाब्यावर जेवावयास गेला. आजीबाईंसाठी मुगाची खिचडी झाकून ठेवली होती. आदल्या दिवशी नातीने कढईत मिठाचा थर तापवून, त्यावर ताटली ठेवून नानकटाई भाजली होती. तिचा पहिला घास आजीने खावा हा तिचा हट्ट आजीबाईंनी चिठ्ठी दाखवून मोडला होता. आणि घर रिकामे झाल्यावर, दिवा न लावता, त्यांनी डब्यातील नऊ नानकटाया एकट्याने संपविल्या. पुढील आठवड्यात साखर मोजल्यावर आम्ही रागावलो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “तुमीच तं लिहून देलं होतं ना डाक्टरसायेब, बंद म्हून. उघड्यावर कशी खाऊ?”

आम्ही निरुत्तर झालो. पहिल्या दिवशी सर्वांसमक्ष दोन नानकटाया खाण्यास आम्ही अनुमती दिली असती, तर नऊ खाल्ल्या गेल्या असत्या काय? बहुधा नाही.

आता शास्त्राकडे वळू. भट्टीत भाजलेला पदार्थ केवळ भट्टीमुळे अपथ्य ठरतो, या समजुतीला संहितांचा आधार सापडत नाही. उलट अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, सहाव्या अध्यायातील कृतान्नाच्या विवेचनात, वाग्भटाचार्यांनी अपूपांविषयी स्पष्ट क्रम दिला आहे. तुसाच्या धुमसत्या आगीवर, खापरावर, भाजण्याच्या पात्रात, कंदूवर आणि शेवटी निखाऱ्यावर भाजलेले अपूप उत्तरोत्तर लघू होत जातात, असे ते सांगतात. कंदू म्हणजे भट्टी असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. म्हणजे आजच्या ओव्हनचे स्थान या क्रमात बऱ्याच वरच्या बाजूस येते. मात्र याच ठिकाणी आचार्यांनी एक अट घातली आहे, ती विसरता कामा नये : हे अपूप एकाच द्रव्याचे असले पाहिजेत. एकाच कणकेचे दोन गोळे घेतले, तरच अग्नीच्या भेदाने लाघव-गौरव ठरते. मैदा, पिठीसाखर व वनस्पती यांचा गोळा ओव्हनमध्ये ठेवला म्हणून तो लघू होत नाही, आणि ज्वारी-गव्हाचा गोळा ओव्हनमध्ये गेला म्हणून तो दूषितही होत नाही. आमच्या चिठ्ठीने द्रव्याचा अपराध अग्नीच्या माथी मारला होता.

आमच्या भागातील वाचकांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. रोडगे हे आपल्या वऱ्हाड-विदर्भाचे घरचे भर्जन आहे आणि बाहेरचे जेवणही आहे. जाडसर कणकेत ओवा व मोहन घालून केलेले गोळे, गोवऱ्यांचा आर, वांग्याची भाजी, वरण आणि शेतातील झाडाखाली किंवा मारुतीच्या पारावर बसलेली पंगत. भावप्रकाशकारांनी कृतान्नवर्गात वर्णिलेली अंगारकर्कटी याच जातीची आहे. अशा पंगतीस जाण्यास आम्ही कधी कोणा रुग्णाला मनाई केल्याचे आठवत नाही. स्वतः मात्र चार रोडगे तुपात बुडवून खाल्ल्याचे चांगले आठवते. मग नातीच्या कढईतील नानकटाईलाच ‘बेकरी’ म्हणून बहिष्कार का? आमच्या लहानपणी दिवाळीपूर्वी घरचे पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीवाल्याच्या भट्टीवर बसावयाचे आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई आणावयाची, ही रीत होती. साहित्य घरचे, अग्नी परक्याचा. इ.स. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी कुकरची शिटी काढून केक भाजले गेले, तेव्हा ती रीतच उलट्या वाटेने परत आली.

याचा अर्थ नानकटाई निर्दोष आहे असा नव्हे. तिच्यात तीन गोष्टींकडे पाहावे. पहिली स्नेहाची. वनस्पती तूप आपल्याकडे १९३७ पासून ‘डालडा’ या नावाने घराघरांत शिरले. त्यातील ट्रान्स मेदावर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ साली ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के अशी मर्यादा घातली आहे. तेव्हा व्याख्यानांतून जुनेच आकडे सांगणे आता थांबवावे. परंतु मर्यादा आली म्हणून वनस्पती हे गोघृत झाले, असेही कोणी समजू नये. दुसरी गोष्ट सोड्याची. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात सेवन करू नयेत असे बजावले आहे. बाजारच्या खारी-बिस्किटांत त्यांपैकी दोन एकत्र नांदतात, आणि ती दिवाळीपुरती नव्हे तर रोज सकाळी चहात बुडतात. आमच्या मते खरे अपथ्य ते आहे. सणाच्या दोन नानकटायांवर आम्ही जेवढा आवाज चढवितो, त्याचा चौथा भागही रोजच्या चहा-बिस्किटावर चढवीत नाही. तिसरी गोष्ट काळाची. दीपावली शरदाच्या अखेरीस येते. संचित पित्ताचा प्रकोप अद्याप शमलेला नसतो आणि हेमंतातील बलवान अग्नी अद्याप यावयाचा असतो. तेच लाडू, त्याच करंज्या पौषात जितक्या सहज पचतात तितक्या आश्विन-कार्तिकात पचत नाहीत, हे रुग्णाला समजावून सांगितले तर तो ऐकतो, असा आमचा अनुभव आहे.

बाहेरच्या खाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. चिठ्ठीतील ती ओळ मुळात मोठ्या शहरातील रुग्णासाठी योग्य असेल, जो आठवड्यातून तीन वेळा उपाहारगृहात जेवतो. मारेगाव तालुक्यातील शेतकरी कुटुंब असे जेवत नाही. दिवाळीच्या सुमारास कापसाचा पहिला वेचा घरी येतो. तो विकला गेला, भाव बरा मिळाला, परतीच्या पावसाने बोंडे काळी केली नाहीत, तर तेलाचा डबा येतो, मुलांचे कपडे येतात आणि मग एखाद्या सायंकाळी सगळे मिळून वणीला किंवा ढाब्यावर जेवावयास जातात. वर्षातून एकदा, कधी तेवढेही नाही. त्या एका सायंकाळी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला खिचडीसह मागे ठेवणारी चिठ्ठी पथ्याची म्हणावी काय? चरकाचार्यांनीच पुढे त्रिविधकुक्षीय अध्यायात सांगितले आहे की, मात्रेने घेतलेले पथ्यकर अन्नदेखील चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ग्रासलेल्याला पचत नाही. ती खिचडी पचली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

काही वैद्यबंधू म्हणतील, एकदा सूट दिली की रुग्ण तिची सवय करतो. हे खरे आहे, आणि तसे रुग्ण आमच्याकडेही आहेत. परंतु सावजी रश्श्याच्या तर्रीने ज्याचे परिणामशूल हटकून उसळते, त्याला रस्सा वर्ज्य सांगणे वेगळे आणि पंगतच वर्ज्य सांगणे वेगळे. रश्श्याऐवजी भाकरी, झुणका, दालफ्राय प्रत्येक ढाब्यावर मिळते. तळणीच्या तेलाविषयी मात्र आम्ही ताठर आहोत. पुनःपुन्हा तापविलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तो गल्ल्यावरून कोणास दिसत नाही. काळे, फेसाळ, दाट झालेले तेल डोळ्यांना दिसते. तेथे भजी मागवू नयेत, एवढे रुग्णाला सांगता येते. आणखी एक धोका आम्ही मुद्दाम नोंदवितो. रात्री हॉटेलात जावयाचे म्हणून दिवसभर उपाशी राहण्याची पद्धत आहे. साखर उतरविणाऱ्या आधुनिक गोळ्या अथवा इन्सुलिन चालू असलेल्या रुग्णाने असे केल्यास दुपारीच घाम, थरथर, भोवळ येऊन घात होऊ शकतो. आपले कित्येक रुग्ण दोन्हीकडची औषधे घेतात व ते आपल्याला सांगत नाहीत. तेव्हा हा प्रश्न आपणच विचारावा.

औषधविक्रेते बंधूंना एक विनंती आहे. अविपत्तिकर मागणाऱ्याला, ‘काय खाल्ले, कधी खाल्ले’ हे दोन प्रश्न विचारून मगच बाटली द्यावी. आणि छातीतील कळ डाव्या हातात किंवा जबड्यात उतरत असेल, तर बाटली न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे. सणात अशी कळ अजीर्णाच्या नावाखाली फार वेळा झाकली जाते.

आम्ही आमची चिठ्ठी बदलली आहे. ‘बंद’ हा शब्द काढून तेथे आता तीन ओळी आहेत. घरी भाजलेले सणाचे पदार्थ दिवसा, जेवणासोबत, सर्वांबरोबर बसून खावेत; संख्या वैद्याने हाताने लिहावी. रोजचे चहा-बिस्किट सोडावे. बाहेर जेवावयास जावे, आधीचे जेवण चुकवू नये, तळलेले टाळावे, आणि दुसऱ्या दिवशी भूक लागेपर्यंत लंघन किंवा पेज घ्यावी. साखरेची औषधे चालू असल्यास लंघन करू नये, पेज वेळेवर घ्यावी. संख्येची जागा आम्ही मुद्दाम मोकळी ठेवली आहे, कारण आजीबाईंना दोन लिहावे की तीन, यावर आमचे मन अद्याप पक्के झालेले नाही. ज्या बंधू-भगिनींना प्रमेहात याविषयी दीर्घ अनुभव असेल, त्यांनी तो पुढील अंकापूर्वी अवश्य कळवावा. वसुबारसेच्या आत चिठ्ठ्या छापून घ्यावयाच्या आहेत.