शब्द यंत्राबरोबरच यावा

संगणकीय परिभाषेचे भाषांतर हा निव्वळ शुद्धिवाद्यांचा हट्ट होय, असे मानणाऱ्यांनी जर्मनीकडे पाहावे. 'फाइल'साठी जर्मन भाषेत 'डाटाय' हा शब्द रूढ आहे. 'डाटेन' म्हणजे माहिती, 'कार्टाय' म्हणजे नोंदपत्रांचा संग्रह. या दोहोंच्या जोडातून तो सिद्ध झाला. कचेरीतील कारकुनाला नोंदपत्रांचे खण ठाऊक होतेच, त्यामुळे पडद्यावरची नवी वस्तू त्याला परकी वाटण्याचे कारण उरले नाही. 'हार्ड डिस्क'ची 'फेस्टप्लाटे' झाली. पडद्यावरील 'बटना'ला 'शाल्टफ्लेशे' म्हणतात. शब्द बोजड खरा, पण अर्थ लपत नाही.

ही परंपरा जुनी आहे. १८७४ साली हाइनरिश फॉन श्टेफान यांनी टपाल खात्यातील शेकडो परकीय शब्द बदलले. पुढे रेल्वेतही फ्रेंच 'पेरों' जाऊन 'बानश्टाइग' आला. हे शब्द टिकले, कारण ते खात्याच्याच व्यवहारातून लोकांसमोर रोज येत राहिले.

उशिरा आलेल्या शब्दाची गत निराळी. 'लॅपटॉप'साठी भाषाप्रेमींनी पुढे केलेला 'क्लापरेशनर', म्हणजे मिटता येणारा गणक, अर्थाने चोख असूनही रुळला नाही. वस्तू इंग्रजी नावानिशी घरोघरी पोहोचली होती.

उसनवारीही फुकट नसते. 'हेरुंटरलाडेन' हे सरळ स्वभाषिक क्रियापद हाताशी असताना ज्यांनी 'डाउनलोडेन' पत्करले, त्यांच्यापुढे भूतकाळाचा पेच उभा राहिला: 'डाउनगेलोडेट' म्हणावे की 'गेडाउनलोडेट'?