बोट मोठी म्हणजे देखभाल मोठी? खरे गणित जाणून घ्या

मस्तगडपासून समुद्र लांब. तरी मुंबईला गेलेला जालनेकर घारापुरीच्या बोटीत बसतोच. बसताना आपण बोटीचा आकार बघतो, तिची देखभाल कशी होते हे विचारत नाही. ते विचारायलाच हवे.

आकार दुप्पट, काम किती?

त्याच घडणीची बोट लांबी, रुंदी आणि उंचीने दुप्पट केली, तर घासून रंगवायचा पृष्ठभाग चौपट होतो आणि आकारमान आठपट. छोटी होडी चार माणसे काठावर ओढतात, मोठीला क्रेन किंवा सुकी गोदी लागते. कोकणातले मच्छीमार १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत डागडुजी उरकतात, कारण त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढावी लागते.

खरी मेख यंत्रणेत

वल्ह्याच्या होडीत बिघडण्यासारखे फारसे काही नसते. आउटबोर्ड इंजिन लावले की इंधन, प्रोपेलर आणि थंड पाणी खेचणारा रबरी इम्पेलर आला. पाण्याच्या वाटेत जलपर्णी किंवा प्लास्टिक अडकले की इंजिन तापते. तरी ते काढून मेकॅनिककडे नेता येते.

इंजिन बोटीच्या पोटात असेल, तर शाफ्टसाठी भोक पाडावे लागते. तिथले सील झिजले की पाणी आत येते. ते उपसायला पंप, पंपाला बॅटरी, बॅटरीला चार्जिंग. म्हणूनच यंत्रांनी भरलेली छोटी बोट साध्या मोठ्या बोटीपेक्षा जास्त काम मागू शकते.

छोटी बोट, मोठा धोका

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ इंजिनची चाचणी सुरू असताना नौदलाच्या स्पीडबोटीवरचे नियंत्रण सुटले. ती 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. चाचणी हा देखभालीचाच भाग आहे. ती प्रवासी मार्गापासून दूरच व्हायला हवी.

मग करायचे काय?

तलाव, धरणांवर पर्यटनासाठी बोटी आणताना खरेदीची चर्चा होते, फीत कापली जाते. माझ्या मते निविदेतच वार्षिक देखभालीचे पैसे, सुटे भाग आणि जवळचा मेकॅनिक नमूद असावा. तेवढी तयारी नसेल तर साधी, कमी यंत्रांची बोट घ्यावी. अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ नुसार यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणी आवश्यक आहे. पुढच्या वेळी तिकीट काढताना तपासणीचे प्रमाणपत्र आहे का, एवढे तरी विचारा. प्रश्न फुकट आहे, जीव नाही.